पाच बोटी एका बोटीच्या पैशात: नाशिकच्या नव्या क्लबला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. नाशिक रोडच्या सहा जणांनी मिळून रिमोटवरच्या बोटींच्या शर्यतीचा छोटा क्लब सुरू केला आहे. दर वेळी दोन-चार नवी मुलं बघायला येतात, बोटी पाण्यावरून सुसाट जाताना पाहून हरखून जातात आणि किंमत विचारतात. पस्तीस-चाळीस हजार ऐकलं की मान डोलावतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. ‘नवख्याला परवडेल अशी चांगली बोट कोणती?’ असं या मंडळींनी विचारलं आहे.

मी सोळा वर्षं बोटी बांधतोय आणि चालवतोय. सातपूरला टूलरूममध्ये नोकरी, त्यामुळे हाताने करायची सवय आधीपासूनची. तुमच्या प्रश्नाला एका बोटीचं नाव सांगून उत्तर देता आलं असतं, पण त्याने तुमचं काम होणार नाही. हा प्रश्न दुकानात सुटत नाही, क्लबच्या नियमांत सुटतो.

का ते सांगतो. नियम नसलेल्या क्लबमध्ये पहिल्या महिन्यात सगळे दोन सेलच्या बॅटरी पॅकवर पळतात. मग कोणीतरी तीन सेलचा पॅक टाकतो आणि जिंकतो. पुढच्या रविवारी आणखी दोघं तीन सेलवर येतात. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे कंट्रोलर) जळतात, मोठे घेतले जातात. साध्या ब्रशच्या मोटरीजागी जास्त ताकदीची ब्रशलेस मोटर येते, पंखा फिरवणारा शाफ्ट तो जोर सहन करत नाही, तोही बदलावा लागतो. पाण्यावर वेग वाढवायचा तर ताकद त्याच प्रमाणात वाढवून भागत नाही, कितीतरी जास्त ओतावी लागते, आणि पैसाही तसाच जातो. सहा महिन्यांत ज्याचा खिसा खोल तोच पुढे राहतो आणि बाकीचे काठावर बसतात. नवखा मुलगा नेमका या टप्प्यावर येऊन किंमत विचारतो.

बाहेरच्या देशांतले क्लब यातून कधीच गेलेत. अमेरिकेतल्या नाम्बा या संघटनेत ‘पी-लिमिटेड’ नावाचा गटच आहे. त्यात ठरावीक यादीतल्याच मोटरी चालतात. ब्रिटनमध्ये ‘क्लब ५००’ म्हणून शर्यत होते, तिथे सगळ्यांचा हल, म्हणजे बोटीचं धड, सारखा आणि मोटरही सारखी. मग जिंकायचं ते हाताच्या जोरावर. तुम्हीही असाच एक गट करा. तुमच्या महागड्या बोटी विकायला सांगत नाही. त्यांचा वेगळा गट दुपारी खुशाल पळवा. सकाळची वेळ मात्र या एकाच साच्याच्या बोटींची ठेवा.

साचा ठरवण्याआधी पाणी ठरवा. बहुतेक जण उलटं करतात, आधी बोट घेतात आणि मग पाणी शोधत फिरतात. गोदावरीच्या शहरातल्या पट्ट्यात पाणवेली आहेत. प्रॉपला, म्हणजे बोटीच्या पंख्याला, एक दांडा गुंडाळला की मोटर अडते आणि अडलेली मोटर पाच-सात सेकंदांत ईएससी जाळते. गंगापूर धरणाचं पाणी मोठं आणि देखणं, पण दुपारी वारा सुटला की हातभर बोटीला त्या लाटा झेपत नाहीत. शिवाय ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे, परवानगीशिवाय तिथे काही सोडायचं नाही. नांदूरमध्यमेश्वरचा विचारही करू नका. ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे, जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे.

आपल्या जिल्ह्याकडे यापेक्षा सरस पाणी आहे, शेततळं. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या बाजूला द्राक्षबागांच्या कडेला कितीतरी शेततळी आहेत. तळाला प्लॅस्टिकचा कागद, त्यामुळे गवत नाही, गाळ नाही, पाणी नितळ. बांध उंच असल्याने वाराही कमी लागतो. २०१६ साली आलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं मोठ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं होतं. अनेक बागायतदारांची स्वतःची तळी त्याहून बरीच मोठी असतात. पण नियम करताना ३० मीटरच धरा, म्हणजे कुठेही जाता येईल. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या छाटणीपासून जानेवारीपर्यंत तळी भरलेली असतात. तोच आपला हंगाम. एप्रिल-मे मध्ये पाणी खाली जातं, उघडा उतार लांबलचक होतो, तेव्हा जाऊ नका.

इथे थांबून एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. शेततळ्याचा कागद शेवाळ्याने निसरडा होतो आणि त्या उतारावरून माणूस स्वतःच्या बळावर वर येऊ शकत नाही, पोहता येत असलं तरी. अशा दुर्घटना आपल्या जिल्ह्यात झाल्या आहेत. म्हणून चारही बाजूंना खुंट्याला बांधलेला, गाठी मारलेला दोर पाण्यात सोडलेला हवा, हवा भरलेली ट्यूब हाताशी हवी, लाइफ जॅकेट हवं. मुलं कुंपणाच्या आत येणार नाहीत, बाहेरूनच चालवतील. बोट बंद पडली तर कोणीही उतरायचं नाही. एवढ्याशा पाण्यात वारा तिला दहा-पंधरा मिनिटांत काठाला आणतोच. घाई असेल तर मासेमारीच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून बोटीच्या पलीकडे फेका आणि हळूच ओढा.

दुसरी काळजी कागदाची. पाच-सहा वर्षांपूर्वी दिंडोरीकडच्या एका शेतकऱ्याच्या तळ्यावर माझ्या हातून नुकसान झालं. रिमोटचे सेल उतरले होते आणि मी फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटताच मोटर थांबवणारी सोय, लावलेला नव्हता. संपर्क तुटला तेव्हा थ्रॉटल पूर्ण दाबलेला, बोट तशीच सरळ निघाली आणि उतारावर चढली. पितळी रडरच्या (सुकाणूच्या) धारेने ५०० मायक्रॉनच्या कागदाला वीतभर चीर पाडली. नशीब की ती पाण्याच्या रेषेच्या वर होती. मी गरम हवेच्या यंत्राने ठिगळ लावून घेतलं, पैसे दिले, आणि त्या भल्या माणसाने आम्हाला पुन्हा येऊ दिलं. दर वेळी आत शिरताना मी आजही ती जागा हाताने चाचपून बघतो. तेव्हापासून आमचे चार नियम आहेत. रिमोट बंद केला की मोटर थांबते, हे प्रत्येक बोट पाण्यात सोडण्याआधी काठावर दाखवायचं. रडर प्लॅस्टिकचा आणि कडा गोल घासलेल्या. नाकाला रबराची पट्टी. बोये, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणा, काठापासून पाच मीटर आत.

आता हिशोब बघा. ३० मीटरमधून दोन्हीकडचे पाच-पाच वजा केले की २० उरतात. दोन बोये १५ मीटरवर ठेवले तर एक फेरी साधारण पन्नास मीटरची होते. ताशी २० किलोमीटरने बोट सेकंदाला साडेपाच मीटर कापते, म्हणजे नऊ सेकंदांत फेरी. यापेक्षा वेगवान बोट या पाण्यात वळणारच नाही. पाणीच सांगतंय की ५४० आकाराची साधी ब्रशची मोटर आणि दोन सेलचा पॅक पुरे. चाळीस हजारांची बोट इथे तिच्या निम्म्या वेगानेही पळवता येणार नाही.

हल सनबोर्डचा करा, फलक बनवणाऱ्यांकडे मिळतो तो हलका प्लॅस्टिकचा बोर्ड. ३ मिलिमीटर जाडीचा, आठ बाय चार फुटांचा पत्रा. ४५ सेंटीमीटर लांब, १५ रुंद, तळाला उथळ व्ही असलेली बोट मी त्यातून काढतो. तळाचे दोन तुकडे, दोन बाजू, मागची पट्टी, आतले तीन आडवे पडदे आणि वरचं झाकण. कापण्यातली नासाडी धरून एका पत्र्यात दहा बोटी सहज बसतात. कटरने कापायचा, फेविक्विकने टाके घ्यायचे, मग आतून सांध्यांवर अ‍ॅरल्डाइट. प्लायवूडची बोट दिसायला सुंदर होते, मला स्वतःला तीच आवडते, पण तिला रंगाचे चार हात लागतात आणि एक हात राहिला की लाकूड पाणी पितं. सनबोर्ड फुगत नाही. आदळून फुटला तर त्याच संध्याकाळी जोडता येतो. नाकात आणि शेपटीत थर्माकोल कोंबा. पूर्ण पाणी भरल्यावर बोट तरंगलीच पाहिजे. बादलीत नव्हे, टबात बुडवून तपासा.

मोटरीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सारखेपणाचं सोंग इथेच उघडं पडतं. बाजारात ५४० म्हणून मिळणाऱ्या स्वस्त मोटरी एकाच नावाच्या असल्या तरी एकाच जातीच्या नसतात. त्यामुळे प्रत्येकाने आपापली आणायची नाही. क्लबने एकाच वेळी, एकाच दुकानातून, एकाच लॉटमधल्या डझनभर घ्यायच्या. प्रत्येकीला ७.४ व्होल्ट देऊन मोकळी फिरवायची आणि मीटरवर करंट लिहून घ्यायचा. मी मागे आणलेल्या बारांत दोन मोटरी इतरांपेक्षा स्पष्ट जास्त करंट खात होत्या. त्या सरावाच्या बोटीत टाकल्या, उरलेल्या दहांच्या टोपीवर रंगाचा ठिपका दिला आणि चिठ्ठ्या टाकून वाटल्या. ठिपका तुटला की मोटर बाद. आणि एक कलम लिहूनच ठेवा: शर्यतीनंतर कोणीही जिंकणाऱ्याची मोटर ठरलेल्या चारशे रुपयांत मागू शकतो आणि त्याने ती द्यायचीच. मोटरीवर गुपचूप खर्च करण्याची इच्छा या एका कलमाने मरते.

प्रॉप दोन पात्यांचा, नायलॉनचा, सगळ्यांना सारख्याच मापाचा. शाफ्ट ४ मिलिमीटरचा स्टेनलेस, टोकाला आटे पाडलेला, बाहेर पितळी नळी, दोन्ही टोकांना पितळी बुश. हे लेथवाल्याकडून करून घ्या. अंबड-सातपूरला लेथवाल्यांना तोटा नाही, आणि दहा नग एकदम सांगितले तर भाव निम्म्यावर येतो. नळीत ग्रीस भरायचं, दर वेळी पाण्यातून आल्यावर पुन्हा भरायचं. ग्रीसच पाणी अडवतं.

नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त गडबड कुठे होते, तर मोटर आणि शाफ्ट एका रेषेत बसवताना. डोळ्यांना सरळ दिसतं आणि तरी केसभर तिरकं असतं. बोटांनी शाफ्ट सावकाश फिरवा. एका ठिकाणी जड, एका ठिकाणी हलका लागला तर तो तिरका आहे. मग मीटर लावा. कपलिंग (मोटर आणि शाफ्टमधला जोड) न जोडता मोटर किती अँपिअर घेते ते बघा, मग जोडून बघा. आकडा अर्ध्या अँपिअरहून जास्त वाढला तर मोटरचे स्क्रू सैल करा, खाली पोस्टकार्डाचा तुकडा सारा, पुन्हा कसा. मी हे करताना मुलांना कान शाफ्टजवळ आणायला सांगतो. तिरका शाफ्ट घरघरतो, आणि रेषेत आला की आवाज एकदम बारीक, एकसुरी होतो. तो फरक एकदा कानाला कळला की मुलगा पुढे आयुष्यभर विसरत नाही. अशी नीट बसवलेली साडेतीन हजारांची बोट तिरक्या शाफ्टच्या महागड्या बोटीला वळणावर मागे टाकते, हे मी अनेकदा पाहिलंय.

रिसिव्हर, म्हणजे बोटीतला रिमोटचे इशारे पकडणारा भाग, फुग्यात घालून तोंड केबल टायने आवळायचं. याहून स्वस्त आणि भरवशाचा उपाय मला आजवर सापडलेला नाही. अँटेना मात्र झाकणाच्या वर काढा, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जात नाहीत. या पट्ट्याचा एक मोठा फायदा म्हणजे पूर्वी दोघांच्या रिमोटचे क्रिस्टल (म्हणजे लहरींची वारंवारिता) एक निघाले की एकाला थांबावं लागे, आता दहा बोटी एकत्र सोडल्या तरी अडत नाही. या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या रिमोटला आपल्याकडे परवानाही लागत नाही.

खर्च सांगतो, मी गेल्या हंगामात दिलेल्या भावांनी. हल आणि गोंद अडीचशे, मोटर चारशे, ब्रशचा ईएससी साडेचारशे, रडर वळवणारा मेटल गिअरचा छोटा सर्वो अडीचशे, शाफ्ट-नळी-कपलिंग-प्रॉप-रडर मिळून साडेसहाशे, २२०० एमएएचचा दोन सेलचा लायपो (लिथियम-पॉलिमर) पॅक चौदाशे. बेरीज ३४०० रुपये. ईएससीवर ‘३२० अँपिअर’ छापलेलं असतं, ते खरं धरू नका. आपल्या मोटरीला तो पुरतो एवढंच. या रकमेत रिमोट आणि चार्जर नाहीत, आणि ते मुद्दाम वगळलेत. नवख्याने पहिल्या वर्षी ते घेऊच नयेत. ते क्लबचे असावेत.

पाच बोटींचे १७,०००, पाच पिस्तूल-रिमोटचे साडेतीन हजारांनी १७,५००, दोन बरे चार्जर ४,४००, आणि ३,००० रुपयांचे सुटे भाग. एकूण ४१,९००. म्हणजे जवळपास तुमच्यापैकी एकाच्या बोटीची किंमत. सहा जणांनी सात-सात हजार काढले की पाच जणांना एकाच वेळी पाण्यावर उतरवता येईल असा ताफा उभा राहतो. आलेल्या मुलाकडून दिवसाचे शंभर रुपये घ्या, त्यात बोट, पॅक, ग्रीस सगळं. फुकट देऊ नका. शंभर रुपये दिलेला मुलगा बोट हक्काने चालवतो, संकोचून उभा राहत नाही. ज्याला तेही जड जातील त्याने बोये लावायला आणि फेऱ्या मोजायला मदत करावी, हिशोब फिटला.

सुट्या भागांची पेटी मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुलं पहिल्या किमतीमुळे कमी आणि तिसऱ्या खर्चामुळे जास्त गळतात. पुतण्यासारखा एक नववीतला मुलगा आमच्याकडे यायचा. साठवलेल्या पैशांतून ऑनलाइन मागवलेली तयार खेळण्यातली बोट होती त्याची, दिसायला झकास. तिच्यात रिसिव्हर आणि ईएससी एकाच सर्किटच्या पाटीवर होते. थोडं पाणी शिरलं, पाटी गेली, आणि ती पाटी सुटी कुठे मिळेना. दोन महिने तो बोट पिशवीत घालून आणत राहिला, मग यायचा थांबला. आज वाटतं, त्याला त्याच दिवशी आमच्या पेटीतला ईएससी आणि रिसिव्हर जोडून द्यायला हवा होता. पेटीत प्रॉप, सर्वो, ईएससी, मोटरी, कपलिंग एवढं कायम असू द्या. बोट बिघडली तर मुलगा त्याच दिवशी पुन्हा पाण्यावर गेला पाहिजे.

पॅकवर पैसे वाचवू नका. जुन्या लॅपटॉपचे किंवा पॉवर बँकचे सेल जोडून पॅक करायची कल्पना दर हंगामात कोणीतरी आणतंच. ही मोटर दहा-पंधरा अँपिअर ओढते, ते सेल तेवढं देऊ शकत नाहीत. व्होल्टेज बसतं, सेल तापतात, आणि शेवटी चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला होतो. लायपो घ्या, त्यावर नंबर टाका, वहीत नोंद ठेवा. ३.३ व्होल्टच्या खाली एकही सेल जाऊ द्यायचा नाही, म्हणून शंभर-सव्वाशे रुपयांचा बझर प्रत्येक पॅकला. घरी जाताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. पूर्ण भरलेला पॅक पंधरा दिवस पडून राहिला की त्याचं आयुष्य घटतं. चार्जिंग वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत आणि कोणाच्या तरी नजरेसमोर. फुगलेला पॅक बाद, त्यावर चर्चा नाही. उन्हात गाडीच्या डिकीत पॅक ठेवू नका.

शर्यत अशी घ्या. एका वेळी तीन किंवा चार बोटी, तीन मिनिटं, जास्त फेऱ्या त्याचा नंबर वर. नऊ सेकंदांची फेरी धरली तर सरासरी वीस फेऱ्या होतात. पहिला येणाऱ्यासाठी धाव न लावता वेळ लावली की मध्ये बंद पडलेल्यालाही त्याच्या फेऱ्या मिळतात आणि कोणी आदळाआदळी करत नाही. दिशा घड्याळाच्या काट्याची ठेवा, अमेरिकी क्लबांत तशीच असते, आणि मुलांचा हात एकाच वळणावर लवकर बसतो. नवख्यांचा गट वेगळा. तीनदा जिंकला की वरच्या गटात. आणि वरच्या गटात लागोपाठ दोनदा जिंकणाऱ्याला पुढच्या रविवारी दोन मिलिमीटर लहान प्रॉप लावायचा. हे जिंकणाऱ्यालाही आवडतं, माझा अनुभव आहे. कमी ताकदीत जिंकण्याची वेगळी चुरस असते.

नवख्याच्या हातात रिमोट देताना पहिली पाच मिनिटं शर्यतीची नसावीत. बोट आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं आणि तिथेच सगळे गोंधळतात. तोंडी समजावून ते कळत नाही. मागच्या डिसेंबरमध्ये एका शेतकऱ्याची सातवीतली मुलगी आली होती, त्यांच्याच तळ्यावर. तिची बोट दर परतीच्या फेरीला बोयाच्या विरुद्ध बाजूला जायची. तिला म्हटलं, बाळा, बोटीचं तोंड जिकडे तिकडे तूही अंग वळव आणि मान मागे करून बघ. ती खरोखर पाण्याकडे पाठ करून उभी राहिली, मान वळवून. दोन फेऱ्यांत हात बसला. दहाव्या मिनिटाला ती सरळ उभी राहून चालवत होती आणि तिचे वडील बांधावर पाण्याचा पंप बंद करून बघत उभे होते. त्या तळ्यावर आता आम्हाला परवानगी मागावी लागत नाही, ती मुलगीच फोन करून तारीख विचारते.

तीन-चार रविवार आलेल्या मुलाला स्वतःची बोट बांधायला लावा. कोणाच्या तरी गच्चीवर शनिवारी संध्याकाळी तीन तास, असे चार शनिवार पुरतात. ३४०० रुपये तीन हप्त्यांत घ्या आणि रिमोट क्लबचाच वापरू द्या. पुढच्या वर्षी त्याला पैसे टाकायचे असतील तर आधी रिमोट घ्यायला सांगा. बोटी बदलतात, चांगला रिमोट दहा वर्षं टिकतो.

पहिल्या दहा हलांसाठी पुठ्ठ्याचा साचा कापून घ्या, सनबोर्डवर थेट रेघा मारू नका. तळाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून एकदमच कापा, नाहीतर व्ही एका बाजूला झुकतो आणि बोट सरळ जात नाही. झाकण चिकटवण्याआधी मोटर, शाफ्ट आणि पॅक जागेवर ठेवून बोट टबात सोडा. नाक किंचित वर हवं. खाली असेल तर पॅक मागे सरकवा, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि मगच वेल्क्रो लावा.